हौसाकाकीचा संशय

हौसाकाकीसाठी मी पनवेलहून टॉनिकची बाटली नेली की ती आधी झाकणाचं सील तपासायची, मग बाटली उजेडात धरायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो, तिचा सख्खा पुतण्या होतो, बाटलीही पदरमोड करून आणलेली असायची. तरी वाटेत मी दोन चमचे प्यायलो असणार, हे तिच्या मनातून जात नसे. मला भयंकर राग यायचा. पण बोलायची सोय नव्हती, कारण रागावलं की तिचा संशय पक्का व्हायचा.

हे एकट्या माझ्यापुरतं असतं तर मी मनाला लावून घेतलं नसतं. दूधवाला पाणी घालतो, वाणी काटा मारतो, मास्तर पोरांना मुद्दाम कमी शिकवतात, देवळातला गुरव नारळाची मोठी वाटी आपल्याकडे ठेवतो, हे सगळं तिला माहीत होतं. घर सोडताना ती उंबऱ्यावर चिमूटभर राख पसरायची आणि परत आल्यावर वाकून बघायची. पावलावरून माणूस ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. चिखलातला ठसा बघून ती सांगायची की हा अमक्याचा धाकटा, उजव्या पायाने फेंगडा चालतो, आणि आमच्या परसात त्याचं काय काम होतं ते विचारा त्याला.

आणि खरं सांगायचं तर तिचा संशय अगदीच वाया जात नसे. काका मिठागरावर ताप येऊन गेले तेव्हा काकी सत्तावीस वर्षांची होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या शेताला लागून आमचं शेत. दुसऱ्याच वर्षी तिने भर चावडीवर सांगितलं की दिराने मधला बांध एक हात माझ्याकडे सरकवलाय. दीर म्हणजे माझे वडील. त्यांनी देवाची शपथ घेतली. पुढे मोजणी झाली आणि बांध हातभर सरकलेलाच निघाला. त्या दिवसापासून काकीने माणसांना हाक मारणं सोडून दिलं. पेरणी, लावणी, कापणी, जे काय असेल ते एकटीने, आणि डोळे सगळीकडे.

आमचं गाव खाडीला लागून. पनवेलपासून सायकलने अर्धा तास. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली, मधे मातीचा लांबलचक मोठा बांध. हा बांध आहे म्हणून गाव आहे. त्याला खांड पडली, म्हणजे तो एका जागी जरी फुटला, तरी खारं पाणी शेतात शिरतं आणि मग तीन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रत्येक घरातून एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर जायचा रिवाज. बांधाचा कारभार तेव्हा जगन बघायचा. आवाज मोठा, मनाने वाईट नाही, पण कोणतीही गोष्ट एकदाच ऐकून पक्की करणारा माणूस. काकीची जमीन नेमकी बांधाच्या पोटाशी होती, म्हणजे पाणी शिरलंच तर पहिलं तिच्याकडे.

ही गोष्ट एक्याण्णव सालची. त्या वर्षी गावाचंच डोकं फिरलं होतं. पलीकडच्या गावात कुणी शेतात खारं पाणी घेऊन कोळंबीचे तलाव केले होते. मोटारीतून अनोळखी माणसं यायची, बांधावर उभी राहून बोटं दाखवायची आणि निघून जायची. शेत नासलं की ते तलावासाठी स्वस्तात मिळतं, एवढं प्रत्येकाला कळत होतं. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे बघून मनात म्हणत होता की हा फितला असेल का. काकीचा स्वभाव जणू सगळ्या गावाला लागला होता.

भाद्रपदातल्या पौर्णिमेनंतर काकीला तिच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात भाताची पाती टोकाकडून तांबूस झालेली दिसली. भात नुकतंच फुलावर आलेलं. तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. खारट होतं. बांध कुठेतरी झिरपत होता.

कुठे, याचा तिने विचारच केला नाही. कुणी, याचा केला. आणि उत्तर तिच्याकडे तयार होतं. बांधाच्या टोकाला चिंधी नावाची कातकरीण झोपडी बांधून राहायची. नवरा वीटभट्टीवर गेला की महिनोन्‌महिने यायचा नाही. ही बाई लोखंडी आकडा घेऊन बांधाच्या कडेने फिरायची, चिंबोऱ्यांच्या बिळात आकडा घालून चिंबोऱ्या ओढायची आणि पनवेलच्या बाजारात विकायची. चिंबोरीचं बीळ म्हणजे बांधाचा शत्रू, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. त्या बिळात रोज आकडा खुपसणारी बाई म्हणजे काय, हे काकीला कुणी सांगायला नको होतं. शिवाय ती कातकरीण. गावात कोंबडी हरवली तरी पहिलं बोट त्यांच्याकडे जायचं, आणि आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं.

काकीने जगनला सांगितलं. जगनने मारुतीच्या देवळापुढे माणसं जमवली. एकादशीचा दिवस होता, संध्याकाळची वेळ. काकी उभी राहून म्हणाली की चिंधीच बांध पोखरते, मी बघितलंय. बस्स. बाकीच्या कुणाचं बोलणं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. पण हौसाचा डोळा म्हणजे डोळा. कुणीतरी म्हणालं की कोळंबीवाल्यांनीच चिंधीला लावून दिलं असणार, आणि क्षणात ते सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यासारखं झालं. ठरलं की चतुर्दशीला सकाळी झोपडी उचलायची आणि तिला बांधावरून घालवायची. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, वर्षातलं मोठं उधाण, दुपारी साडेबाराच्या सुमाराला पाणी भरणार.

आता गंमत अशी की काकीने बघितलं काहीच नव्हतं. बिळात आकडा घालताना बघितलं होतं, बांध पोखरताना नाही. हा फरक दुसऱ्या कुणी केला असता तर तिने त्याचे वाभाडे काढले असते. तिला तो टोचत असणार, कारण द्वादशीला पहाट झाल्याबरोबर ती बांधाखालच्या मांदाडात, म्हणजे खाडीकाठच्या झुडपांत, जाऊन बसली. चिंधीला रंगेहाथ पकडायचं आणि मग शब्द खरा करायचा.

दोन सकाळी ती तिथे बसली. चिखलात, डासांत, हलली नाही. आणि तिने काय बघितलं ते तिने मला नंतर सांगितलं, तेही असं की जणू चिंधीने तिला फसवलंय. चिंधी चिंबोरी ओढायची, टोपलीत टाकायची, मग बिळात ओली माती कोंबायची आणि टाचेने दाबायची. पुन्हा माती, पुन्हा टाच. प्रत्येक बिळाला. आमचे शेतकरी उधाणाच्या दिवशी सरकारी काम केल्यासारखी जेवढी माती दाबतात, त्याच्या दुप्पट. काकीच्या डोक्यात पहिलं हेच आलं की हिने मला बघितलंय आणि नाटक करतेय. पण चिंधीने तिला बघितलं नव्हतं. आणि नाटक करायचं कारणही नव्हतं, बांध फुटला तर पहिली तिची झोपडी जाणार होती. हे काकीला कळलं, आणि कळू नये असं तिला फार वाटलं.

मग ती जे करू लागली ते फक्त तीच करू शकली असती. भरतीच्या वेळी ती बांधाच्या पोटाने चालत निघाली. दर पंधरा पावलांवर वाकायची, बोट पाण्यात बुडवायची, जिभेला लावायची, थुंकायची. चिंधीच्या बिळांच्या बाजूला पाणी गोडं होतं. उलट्या दिशेने गेलं की मचूळ. आणखी पुढे खारट. चिखलात पावलं बघत होती, तर तिकडे चिंधीचं एकही पाऊल नाही. कुणाचंच नाही. चव वाढत वाढत ती एका गवताने झाकलेल्या खड्ड्याशी आली आणि तिथल्या पाण्याने तिची जीभ भाजली.

तो खड्डा तिचा होता.

हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. काकी चुली बनवायची. खाडीकाठची चिकण माती, भाताचा तूस, थोडं शेण, असं मळून दोन तोंडांच्या चुली थापायची आणि उन्हाळ्यात पनवेलच्या बाजारात नेऊन विकायची. गॅस आला तरी गावांतून, भट्टीवाल्यांकडून, लग्नकार्याला चुली लागायच्याच, आणि हौसाची चूल तडकत नाही अशी ख्याती होती. माती कुठून घ्यायची ती जागा तिच्या सासूने दाखवली होती. जुन्या उंडीच्या झाडापासून वीस पावलं खाडीकडे. कुणाला न सांगता तिथूनच घ्यायची, असं सासूने बजावलं होतं, आणि तीस वर्षं दर चैत्रात काकी वीस पावलं मोजून तिथेच खणत होती. सासूच्या काळात तिथून बांध बराच लांब होता. पण दोन वर्षांपूर्वी जुना बांध खचू लागला तेव्हा तो फुटायच्या आत गावाने नवा बांध आत घेऊन घातला. तो नेमका त्या जागेशेजारून गेला. सगळ्या गावाने बघितलं, काकीनेही बघितलं, स्वतः घमेली वाहिली. आणि पुढच्या चैत्रात उंडीपासून वीस पावलं मोजली आणि बांधाचा पाया खणला. त्या वर्षी आणि ह्या वर्षीही. सासूची जागा म्हणजे सासूची जागा.

बांधाच्या पायथ्याची माती दुसऱ्या कुणी काढली असती तर काकीने त्याला गावात तोंड दाखवू दिलं नसतं. राखेवरची पावलं ओळखणाऱ्या बाईला स्वतःची पावलं कुठे पडतात ते दिसलं नव्हतं. कारण तिकडे ती कधी बघतच नव्हती.

त्रयोदशीला दुपारी ती दवाखान्यात आली. चालत आली होती. पेशंटच्या बाकावर टोकाला बसली, आणि डॉक्टर जेवायला गेल्यावर तिने मला सगळं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे नाही, औषधांच्या कपाटाकडे बघत होती. मी तिला कधी घाबरलेली बघितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने विचारलं, तू हे कुणाला सांगशील का?

मी तिला जे सांगितलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, काकी, गप्प बस. खड्डा बुजवून टाक. चिंधीचं काय, ती दुसरीकडे झोपडी बांधेल, त्यांचं तसंच असतं. तुला या गावात राहायचंय.

ती उठली. जाताना बाटलीचं सील न बघता टॉनिक घेऊन गेली.

घरी जाऊन तिने माझं ऐकलं. संध्याकाळी उजेड असेपर्यंत एकटीने पाटीने माती टाकली. टाकावी आणि ती भुसभुशीत होऊन खाली बसावी. आतून पाणी ढकलत होतं. एका बाईने बुजवायचा तो खड्डाच नव्हता. त्याला दहा-पंधरा माणसं हवी होती, आणि माणसं हवी तर हाक मारायला हवी, आणि हाक मारायची तर का ते सांगायला हवं. तिला हाक मारायची सवय राहिली नव्हती. उपाशीच झोपली, एवढंच ती त्या रात्रीबद्दल म्हणाली.

चतुर्दशीला सकाळी जगन सात-आठ जणांना घेऊन बांधावर गेला. मीही गेलो, काय होतंय ते बघायला. चिंधीला खबर लागलेली होती. तिने आधीच भांडीकुंडी बाहेर काढून ठेवली होती. एक पातेलं, दोन डबे, गोधडी, आकडा. रडत नव्हती, भांडतही नव्हती. अशा वेळी काय करायचं ते माहीत असलेल्या माणसासारखी बाजूला उभी होती. एकाने छपराचा एक बांबू मोडला आणि दुसऱ्याला हात घातला.

तेवढ्यात काकी आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. तिने त्या माणसाचा हात बांबूवरून काढला.

"हात नको लावू. बांद हिनं नाय पोखरला," ती म्हणाली. "मी पोखरला. उंडीकरं चुलीची माती मीच खनते. ती जागा आता बांदाच्या पायात आयलेय, माज्या ध्यानातच आलं नाय."

मला वाटलं आता हिच्यावर सगळे तुटून पडणार. झालं भलतंच. कुणाचा विश्वासच बसेना. जगन तिच्याकडे तिरकं बघत म्हणाला की वयनी, त्या दिवशी देवळापुढे एक बोलली, आज दुसरं, हे तुला कुणी शिकवलं? मागून कुणी म्हणालं की चिंधीने चार चिंबोऱ्या पोचवल्या असतील. दुसरा म्हणाला, चिंबोऱ्या नाही, कोळंबीवाले पोचले असतील. मी माझ्या गावाची माणसं बघत होतो. काकीने वर्षानुवर्षं ज्या डोळ्यांनी आम्हाला बघितलं, त्याच डोळ्यांनी आम्ही तिला बघत होतो. तिच्या तोंडून निघालेलं खोटं आम्हाला लगेच पटलं होतं आणि खरं पटत नव्हतं.

इथे मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं. मी नाही बोललो.

काकी रडली नाही की शपथ घेतली नाही. तिने जगनच्या मनगटाला धरलं. परक्या पुरुषाचा हात तिने जन्मात धरला नसेल. त्याला ओढत बांधाखाली उतरवलं, चिंधीच्या बिळांजवळचं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरलं आणि चाख म्हणाली. त्याने चाखलं. पंधरा पावलं पुढे. पुन्हा चाख. पुन्हा पंधरा पावलं. आम्ही बांधावरून त्यांच्या बरोबरीने चालत होतो आणि हसावं की काय ते कळत नव्हतं. खड्ड्याशी येईपर्यंत जगनचं तोंड वाकडं झालं होतं. तिथलं पाणी त्याने तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग त्याने खड्ड्यात हात घालून आतली कड चाचपली. फावड्याने कापलेली सरळ कड होती, चिंबोरीच्या बिळाची नव्हती.

"भावजी, बांद उद्या फुटंल," काकी म्हणाली. "माज्या एकटीच्यानं बुजत नाय. मानसं हवीत."

हे शेवटचे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

जगन तिला खूप बोलला. बोलायलाच हवं होतं. पण बोलता बोलता त्याने पोरांना गावात पिटाळलं, आणि तासाभरात बांधावर पंचवीस माणसं होती. खड्ड्यात माती पडू लागली आणि काकीसारखीच सगळ्यांची माती खाली बसू लागली. तेव्हा चिंधी, जी तोवर आपल्या भांड्यांपाशी उभी होती, ती खाली आली. कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली की आतून टाकून काय उपयोग, तोंड खाडीकडे आहे. ओहोटी होती. ती पलीकडच्या चिखलात मांड्यांपर्यंत उतरली आणि पायांनी चाचपत फिरू लागली. पाव तासाने थांबली. तिच्या पायाखाली ते भगदाड होतं. पेंढ्याचे वेठ, म्हणजे जाड दोर, वळून, चिकण मातीत बुडवून, तिने दाखवलं तिथे ते ठासले. सगळ्यात खाली चिंधी आणि तिच्या शेजारी काकी, दोघी टाचांनी माती दाबत होत्या.

अमावास्येला दुपारी पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर आलं, तासभर थांबलं आणि उतरलं. बांध टिकला. काकीच्या शेताचा खालचा कोपरा जळाला, बाकी भात हाती आलं. चिंधीची झोपडी राहिली. एक बांबू मोडला होता तो काकीने नवा नेऊन दिला. चिंधीने तो झोपडीबाहेर तसाच ठेवला आणि मोडकाच बांधून वापरला.

दिवाळीत काकी मला म्हणाली की मी चिंधीशी बोलायला गेले होते. चुकलं म्हणाले. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? काकीने चिंधीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"ती बोलली, बाय, तुमी खरं बोललाव म्हून मी आज हितं हाय. पन तुमी खोटं बोललाव तवा कोनी इचारलं बी नाय."

काकीने पुढेही चुली केल्या. माती आता जगनने आखून दिलेल्या जागेवरून, बांधापासून लांब. तरी डोक्यावर पाटी घेऊन घरी यायची वाट बांधावरूनच होती. पुढच्या चैत्रात मी एकदा तिच्याबरोबर होतो. आम्हाला येताना बघून चिंधी झोपडीतून बाहेर आली आणि वाटेत उभी राहिली. काकीने पाटी डोक्यावरून उतरवली, तिच्यापुढे धरली आणि वरची माती हाताने बाजूला करून तळापर्यंत दाखवली. खाडीकडची काळी माती नव्हती, लांबची पिवळट होती. चिंधीने दोन बोटांनी ती चुरडून बघितली आणि वाट सोडली.

मला संताप आला. या बाईने, तीही कातकरीण, माझ्या काकीची झडती घ्यावी? पुढे गेल्यावर मी तसं बोललो. असं किती दिवस चालणार, असंही विचारलं.

"दर खेपेला दावते," काकी म्हणाली. "बगू दे तिला. तिला बगायचा हक हाय."